‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणता. पण कशाची, कधी आणि काय झालं होतं?

दवाखान्यात केसपेपर काढला की डॉक्टर किंवा सिस्टर एक प्रश्न हमखास विचारतात, “कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?” मागे रांग असते, कडेवरचं मूल रडत असतं, आपल्याला घाई असते. कुणी “नाही” म्हणून मोकळं होतं. कुणी म्हणतं, “लहानपणी इंजेक्शन दिल्यावर अंगावर काहीतरी उठलं होतं, असं आई सांगायची.” मग केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने दोन शब्द लिहिले जातात, ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’.

आता मोठ्या रुग्णालयांत केसपेपर संगणकावर जाऊ लागला आहे. कागद भिजतो, फाटतो, घर बदलताना हरवतो. संगणकात गेलेले दोन शब्द मात्र कुणी मुद्दाम काढल्याशिवाय जात नाहीत. ते खरे असतील तर आपला जीव वाचवतात. चुकीचे असतील तर चांगल्या औषधापासून आपल्याला आयुष्यभर लांब ठेवतात. म्हणून या वेळी आरोग्य पानावर या दोन शब्दांबद्दलच बोलू या.

अ‍ॅलर्जी कशाला म्हणायचं?

वॉर्डात काम करताना आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना माझ्या लक्षात आलं आहे की औषधाने झालेल्या कुठल्याही त्रासाला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो. गोळीने मळमळलं, अ‍ॅलर्जी. अँटिबायोटिकने जुलाब झाले, अ‍ॅलर्जी. पेनकिलरने पोटात आग पडली, तीही अ‍ॅलर्जी. हे त्रास खरे असतात, डॉक्टरांना सांगायलाच हवेत. पण ते औषधाचे दुष्परिणाम आहेत. अ‍ॅलर्जीत आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्या औषधालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते.

त्याची लक्षणं वेगळी असतात. औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ, डोळे, जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं ही तातडीची अ‍ॅलर्जी. दुसरा प्रकार काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो. ताप येतो, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात, कातडी सोलवटून निघते. फिट्सच्या काही गोळ्या आणि सल्फाची औषधं यांनी असं होऊ शकतं. हे फार गंभीर असतं. ज्याला असं एकदा झालं त्याने ते औषध पुन्हा कधीही घ्यायचं नाही. चाचणी म्हणूनसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. विषाणूच्या तापात मुलाच्या अंगावर पुरळ येऊ शकतं. त्याच वेळी त्याला अ‍ॅमॉक्सिसिलिनचं सिरप चालू असेल तर दोष सिरपवर जातो. मूल मोठं होतं, त्याचं लग्न होतं, त्याला मुलं होतात, तरी ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ हे त्याच्या मागे राहतं.

पेनिसिलिनच का?

पेनिसिलिन हे जुनं औषध. १९२८ साली त्याचा शोध लागला. आपल्या महाराष्ट्रात त्याचा कारखाना उभा राहिला. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली ती याच औषधासाठी. आज अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही त्याच कुटुंबातली औषधं गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात. ती स्वस्त आहेत आणि नेमक्या जंतूवर चांगली चालतात.

वस्तीत राहणाऱ्यांना हे औषध जास्त गरजेचं आहे. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो. एका प्रकारच्या जंतूचा असा घसा वेळेवर बरा केला नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा मुलाला पुन्हा तो ताप येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. इंजेक्शन चुकलं तर झडप आणखी खराब होण्याचा धोका.

दुसरं उदाहरण गरोदर बाईचं. तिच्या रक्ततपासणीत सिफिलिस, म्हणजे गरमी, निघाली तर पोटातल्या बाळाला वाचवणारं खात्रीचं औषध एकच, पेनिसिलिन. तिला खरोखर अ‍ॅलर्जी असली तरी मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेत तिला तेच औषध देतात. इतकं ते महत्त्वाचं आहे. अशा बाईच्या किंवा मुलाच्या केसपेपरवर चुकीचे दोन शब्द असतील तर केवढं नुकसान, याचा विचार करा.

संगणकातल्या नोंदींनी काय दाखवलं?

अमेरिका आणि इंग्लंडमध्ये रुग्णांच्या नोंदी बऱ्याच वर्षांपासून संगणकावर आहेत. लाखो लोकांच्या नोंदी एकत्र पाहता आल्या तेव्हा कुणा एका डॉक्टरला त्याच्या दवाखान्यात बसून दिसलं नसतं ते दिसलं.

बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयसमूहाच्या १९९० ते २०१३ या काळातल्या साडेसतरा लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त लोकांच्या नावावर कुठल्या ना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी लिहिलेली होती. सगळ्यांत वर पेनिसिलिन, जवळजवळ १३ टक्के लोकांच्या नावावर. त्याखाली सल्फाची औषधं.

पण यांतल्या किती जणांना खरी अ‍ॅलर्जी होती? अमेरिकेत पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नोंदलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त जणांना ते औषध व्यवस्थित चालतं असं दिसतं. काहींना ती कधी नव्हतीच. काहींना होती, पण गेली. पेनिसिलिनची तातडीची अ‍ॅलर्जी काळानुसार ओसरते. दहा वर्षं त्या औषधाशी संबंध आला नाही तर दहातल्या सुमारे आठ जणांची ती निघून गेलेली असते.

कुणी म्हणेल, “नसली तरी काय बिघडलं? दुसरं औषध देतील की.” त्याचंही उत्तर याच नोंदींतून मिळालं. इंग्लंडमधल्या जनरल डॉक्टरांच्या नोंदींवरून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन अ‍ॅलर्जी लिहिलेले ६४ हजारांवर लोक आणि त्यांच्याच वयाचे, तशाच परिस्थितीतले, पण अशी नोंद नसलेले सुमारे २ लाख ३७ हजार लोक यांची वर्षानुवर्षांची तुलना केली गेली. नोंद असलेल्यांमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या एका हट्टी जंतूचा, म्हणजे एमआरएसएचा धोका ६९ टक्क्यांनी जास्त होता. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्यांच्या एका वाईट संसर्गाचा धोका २६ टक्क्यांनी जास्त होता. कारण त्यांना साध्या औषधाऐवजी जास्त व्यापक, जास्त जोराची औषधं दिली गेली. अशी औषधं चांगले-वाईट सगळेच जंतू मारतात आणि हट्टी जंतूंना मोकळं रान मिळतं.

बोस्टनच्याच एका रुग्णालयात गर्भाशय काढण्याची, सांधे बदलण्याची, आतड्याची आणि हृदयाची ऑपरेशनं झालेल्या आठ हजारांवर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. पेनिसिलिन अ‍ॅलर्जी लिहिलेल्यांच्या जखमेत पू होण्याची शक्यता साधारण दीडपट होती. ऑपरेशनच्या आधी द्यायचं नेहमीचं चांगलं औषध त्यांना दिलं गेलं नव्हतं, हे त्याचं कारण.

आपल्याकडे तर जोराची अँटिबायोटिक्स महागही असतात. ज्याचा हातावर पोट असलेला माणूस दवाखान्यात पडून आहे, त्या घराला दोन दिवस जास्त लागले म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको.

नोंद तपासता येते

आनंदाची गोष्ट अशी की अशी नोंद तपासून पुसता येते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० साली तीन साध्या प्रश्नांची एक पद्धत मांडली. त्रास पाच वर्षांच्या आत झाला होता का? अंग सुजणं, दम लागणं, बेशुद्ध पडणं किंवा कातडी सोलवटणं असं काही गंभीर झालं होतं का? त्रासासाठी उपचार घ्यावे लागले होते का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर प्रत्येकी दोन गुण, तिसऱ्याला एक. एकूण गुण तीनपेक्षा कमी असतील तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी.

अशा कमी धोक्याच्या लोकांना रुग्णालयात बसवून, डॉक्टरांसमोर पेनिसिलिनची गोळी देऊन पाहिली जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३८२ लोकांचे दोन गट केले. एका गटाला थेट गोळी, दुसऱ्याला आधी कातडीवरची तपासणी आणि मग गोळी. दोन्ही गटांत प्रत्येकी एकालाच अ‍ॅलर्जी निघाली. म्हणजे नीट निवडलेल्या माणसांत सरळ गोळी देऊन पाहणंही तितकंच सुरक्षित ठरलं.

इथे हात जोडून सांगते, हा प्रयोग घरी करायचा नाही. “ताईंनी लिहिलंय, बहुतेकांना नसतेच,” असं म्हणून कुणी मेडिकलमधून गोळी आणून घेऊ नये. दहातला तो एक जण आपण असू शकतो. तपासणी रुग्णालयातच, जिथे इंजेक्शन, ऑक्सिजन आणि डॉक्टर हाताशी आहेत तिथेच. आपल्याकडे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात औषधवैद्यक किंवा त्वचारोग विभागात याची चौकशी करावी.

तपासणीत अ‍ॅलर्जी नाही असं ठरलं की तो कागद मागून घ्यायचा आणि सगळीकडच्या नोंदी बदलून घ्यायच्या. परदेशातही असं होतं की एका ठिकाणी नोंद पुसली जाते आणि दुसऱ्या दवाखान्यात जुन्या कागदावरून पुन्हा चढते.

संगणकाची घंटा

संगणकात अ‍ॅलर्जी नोंदवली की डॉक्टरने ते औषध लिहिताच पडद्यावर इशारा येतो. सोय चांगली आहे. पण त्यात ‘औषधाने मळमळलं’ आणि ‘जीव जाता जाता वाचला’ या दोन्हींना एकच घंटा वाजते. बोस्टनच्या दोन रुग्णालयांत दहा वर्षांचे सहा लाखांवर इशारे तपासले तेव्हा दिसलं की २००४ साली डॉक्टर १०० पैकी ८३ इशारे बाजूला सारत होते, २०१३ साली जवळजवळ ८८. रोज दारावरची बेल पोरं वाजवून पळत असतील तर खरा पाहुणा आला तरी आपण उठत नाही, तसंच हे.

म्हणून नोंद नेमकी हवी. नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ लिहिलं तर घंटेचा आवाज वाढतो, अर्थ वाढत नाही.

आपल्याकडे काय आहे?

केंद्र सरकारची आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही योजना २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाली. तिच्यात प्रत्येकाला १४ आकडी आभा नंबर मिळतो. हा नंबर म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचाही नव्हे. आभाने पैसे मिळत नाहीत. वेगवेगळ्या दवाखान्यांतले आपले रिपोर्ट एका नंबरला जोडले जावेत, एवढंच त्याचं काम.

नुसता नंबर काढला म्हणजे अ‍ॅलर्जीची नोंद आपोआप दिसू लागत नाही. दवाखाना त्या व्यवस्थेला जोडलेला हवा आणि तिथे कुणीतरी ती नोंद लिहिलेली हवी. आभा अ‍ॅपमध्ये आपले जुने कागद फोटो काढून आपणही चढवू शकतो. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आजी-आजोबांसाठी हे काम करावं. गंभीर त्रास झाला त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड पहिल्यांदा चढवा.

आता माहिती कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न. आभा काढणं सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. नोंदी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या तर आपली संमती लागते. कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे ठरवता येतं आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मोबाइलवर आलेला ओटीपी ही त्या कुलपाची किल्ली आहे. तो न वाचता कुणाच्याही हाती देऊ नका. टीबी, एचआयव्ही किंवा मनाच्या आजाराची माहिती उघडी पडल्यावर माणसाला कामावरून आणि घरातून काय सोसावं लागतं ते आपण पाहिलं आहे. म्हणून विचारायचं, “ताई, हा ओटीपी कशासाठी?” हे विचारणं आपला हक्क आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगते. वर दिलेले सगळे आकडे ज्यांच्या नोंदी होत्या त्यांच्यावरून निघाले. ज्यांची नोंदच नाही त्यांच्या त्रासाचा आकडाही नाही. वस्तीतल्या बाईला गोळीने काय झालं हे कुठेच लिहिलं गेलं नाही तर तिच्यासारख्या बाईंसाठी औषधं ठरवताना ते कुणाच्या डोळ्यांपुढे येणार? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी व्यवस्था आपल्या देशात २०१० पासून आहे. रुग्ण किंवा घरचे स्वतः तिथे कळवू शकतात. टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. मेडिकल कॉलेजांतही त्याची केंद्रं आहेत.

एका कागदावर सहा ओळी

अ‍ॅप असो वा नसो, घरातल्या प्रत्येकासाठी वहीच्या पानावर एवढं लिहून ठेवा:

१. औषधाचं नाव. पाकिटावरचं मोठं नाव तर लिहाच, पण खाली बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नावही लिहा. मॉक्स, नोव्हामॉक्स, ऑगमेंटिन ही नावं वेगळी, पण आत अ‍ॅमॉक्सिसिलिनच. आयबुप्रोफेन चालत नाही असं सांगणारी माणसं कॉम्बिफ्लाम घेतात, त्यातही आयबुप्रोफेन असतं.

२. कधी झालं. वर्ष आठवत नसेल तर ‘थोरल्याच्या बाळंतपणात’ असंही चालेल.

३. औषध घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला. मिनिटांत, तासांत की दिवसांनी.

४. नेमकं काय झालं. गांधी, सूज, दम, चक्कर, फोड, जुलाब, जे झालं ते.

५. काय उपचार करावे लागले. इंजेक्शन, सलाईन, अ‍ॅडमिट.

६. त्यानंतर तेच औषध पुन्हा घेतलं का आणि चाललं का. ही ओळ सगळे विसरतात. पण पुढे ते औषध विनात्रास घेतलं असेल तर डॉक्टरांना त्यावरून फार मोठी गोष्ट कळते.

त्रास झाला असेल तर गोळीची रिकामी स्ट्रिप फेकू नका. फोटो काढून ठेवा, अंगावरच्या पुरळाचाही काढा. हा कागद आधार कार्डासोबत ठेवा आणि दवाखान्यात न विचारताही पुढे करा. लिहिता येत नसेल तर आशाताईंकडून लिहून घ्या.

तातडीच्या वेळी

इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. औषधानंतर दम लागला, घसा आवळला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय वर ठेवा, उठवून चालवू नका. दम लागत असेल तर टेकवून बसवा. या वेळचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन. ते मांडीत टोचतात. फक्त अ‍ॅव्हिल किंवा डेक्सोना देऊन घरी पाठवत असतील तर “अ‍ॅड्रेनालिन द्यायला हवं का?” असं विचारा. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. आणि घरी निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव आणि काय झालं ते स्पष्ट अक्षरात लिहून घ्या.

येत्या रविवारी महिला मंडळाची बैठक असेल तिथे अर्धा तास काढा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या माणसांचे कागद करून आणावेत, एकमेकींचे वाचून पाहावेत. ज्यांच्या कागदावर ‘लहानपणी काहीतरी झालं होतं’ एवढंच आहे, त्यांची वेगळी यादी करा आणि पुढच्या आरोग्य शिबिरात ती डॉक्टरांपुढे ठेवा. तेवढी यादी घेऊन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशीला जायचं झालं, तर चार जणी मिळून जा. एकटीला परत पाठवतात, चौघींना उत्तर द्यावं लागतं.